काळी चारच्या तारा

आमच्या घरात आधी आप्पांचा खोकला उठायचा, मग माणसं. कारखान्याचा हंगाम लागला की हा खोकला मुक्कामालाच यायचा. आप्पा म्हणजे माझे वडील. ते साखर कारखान्यात भुशाच्या यार्डात कामाला होते. उसाचा रस निघाल्यावर जो चोथा उरतो, त्याचे ढीगच्या ढीग तिथं पडलेले असायचे, आणि त्याची बारीक धूळ आप्पांच्या भुवयांत, कानांत, सदऱ्याच्या शिवणीत बसून बेलापूरला आमच्या घरी यायची. आई त्यांना दारातच उभं करून कपडे झटकायची. "वरचं झटकीन, पर गळ्यातलं कुठं झटकू?" असं रोज म्हणायची. आप्पा मान खाली घालून आत यायचे. हातपाय धुवून, तसबिरींपुढं हात जोडून, चुलीपाशी बसायचे. आई हुलग्याची शेंगोळी करायची, लसूण-मिरची पाट्यावर वाटून, रस्सा असा झणझणीत की नाकातून पाणी यायचं. तो रस्सा पिऊन गळा मोकळा होतो अशी आप्पांची समजूत. पिऊन झाला की भिंतीच्या खुंटीजवळची पेटी पुढं ओढायचे, भाता हलवायचे आणि एकच पट्टी दाबून धरायचे. काळी चार. पेटीचा तो एकच सूर घरभर पसरायचा, आणि आप्पा तोंड न उघडता तो ऐकत बसायचे.

ज्यांना पेटी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गाणाऱ्याचा सा पेटीच्या ज्या पट्टीवर बसतो, ती त्याची पट्टी. साधारण बाप्यामाणूस पांढरी एक, काळी एक असं खालच्या अंगाला गातो. काळी चार ही बायकांची पट्टी म्हटली तरी चालेल. आमचे आप्पा काळी चारमध्ये गायचे, तेही माईकबिईक नसताना. श्रीरामपूरपासून राहुरीपर्यंत त्यांच्या गायन पार्टीला बोलावणं असायचं. जयंतीच्या महिन्यात तर घरात टेकायला फुरसत नसे. लग्नं असायची, नामकरणं असायची, कुणी वारलं की पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असायचा. आप्पा पेटीवर, त्यांचे चुलतभाऊ मधुकाका ढोलकीवर, आणि आळीतले दोघं-तिघं मागं झील धरायला. आप्पांनी पहिली ओळ वर फेकली की माणसं म्हणायची, "काळी चार आली रं!" आप्पांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. त्यांची पट्टी हेच त्यांचं नाव झालं होतं.

आवाज एका दिवसात जात नाही. तो चपलेच्या टाचेसारखा झिजतो, घालणाऱ्यालाच उशिरा कळतं. आधी वरचा सा थोडा कापायला लागला. मग आप्पा वरच्या ओळी झीलवाल्यांवर सोडायला लागले आणि स्वतः नुसते हात वर करायला लागले. घरी जवळ कुणी नाही असं वाटलं की गुणगुणायचे ते पार खाली, पांढरी एकमध्ये, आणि तिथं आवाज कसा भरलेला, गोल यायचा. पण मी स्वयंपाकघरातून डोकावले की लगेच गप्प. ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. घरातल्या सगळ्यांना कळत होतं, पण बोलत कुणीच नव्हतं. आमच्यात बापाला "तुमचा आवाज गेला" म्हणायची रीत नव्हती. गायक बापाला तर नाहीच नाही.

अशात हरीमामा पुण्याहून एक धूड घेऊन आला. मामा खडकीला राहायचा. कॅम्पातला एक वाजवणारा माणूस आखातात निघाला होता, त्याचं सामान हलवायला मामा गेला आणि हे घेऊन आला. दिसायला गिटारच, पण पोट केवढं! मान ही लांब, आणि तारा चारच. एक तुटलेली, बाकीच्या गंजून लाल झालेल्या. मधुकाकांनी भोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "आयला, ही तर म्हैस हाय! दूध किती देती?"

"हसा तुमी," मामा म्हणाला, आणि आप्पांकडं वळला. "दाजी, ही बेस गिटार. हिला वायर नको, लाइट नको. खालचा सूर धरून ठिवती. गाणाऱ्याला हिचा आधार असला ना, की त्याला बोंबलायची गरज पडत न्हाई."

आप्पांनी झटकन मामाकडं पाहिलं. मामाला कुणी काही सांगितलं होतं की तो आपला सहज बोलला, मला आजही ठाऊक नाही. आप्पा एवढंच म्हणाले, "बघू. वाजवनार कोन?"

हा खरा प्रश्न होता. आप्पांचे हात पेटीत, मधुकाकांचे ढोलकीत, झीलवाल्यांच्या हातात झांजा. उरले मी. बारावी करून घरात बसले होते, स्थळं येत होती आणि चहा पिऊन परत जात होती. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "आदीच पोरगी उंच हाय म्हनून नाकं मुरडत्यात, आता मांडीवर म्हैस घिऊन बसली म्हंजी झालंच कल्यान!" पण मामानं ते धूड माझ्या मांडीवर ठेवलं, मी गंजकी तार अंगठ्यानं ओढली, आणि तो सूर माझ्या पोटातून गेला. ऐकू आला नंतर. मला काही दुसरं नको होतं. कुणाला सांगू नये, पण स्थळं परत गेली की मला बरंच वाटायचं.

पुण्यातली माणसं ती गिटार कशी लावतात, कुणास ठाऊक. आम्ही आमच्या रीतीनं लावायची ठरवली. तंबोऱ्यासारखी, सा आणि प, आणि ठेक्याबरोबर मी मोकळ्या तारा छेडायच्या. आता तारा आणायच्या. नगरच्या दुकानात साध्या गिटारच्या तारा मिळाल्या, त्या म्हशीच्या खाचेत नुसत्या सुतासारख्या हलत राहिल्या. म्हणून मग आप्पा आणि मी एसटीनं पुण्याला गेलो. कॅम्पातलं दुकान, काचेच्या कपाटात वाद्यं, आत एक चष्मेवाले शेटजी. आप्पा धुतलेलं धोतर आणि कोट घालून आले होते, कार्यक्रमाला घालायचे तोच. शेटजींनी काचेवर तारांची पाकिटं मांडली. एक चकचकीत, पितळी रंगाची, बोट फिरवलं की किर्र करणारी. एक गुळगुळीत पोलादी. आणि एक काळी, वरून नायलॉनचं वेष्टण चढवलेली, जाडजूड. शेटजींनी काळी तार बोटावर ताणून माझ्या कानाशी छेडली. मऊ होती. लांबून कुणी हुंकार भरल्यासारखी. मी म्हटलं, "आप्पा, ही."

"थांबा," शेटजी म्हणाले. "तुम्ही हिला तंबोऱ्यासारखी लावणार म्हणता ना? मग मला पट्टी सांगा. वर ओढणार असाल तर तार बारीक लागेल. खाली सोडणार असाल तर ही जाड घ्या. जाड तार वर ओढली तर गिटारीचं पोट सुटेल, आणि बारीक खाली सोडली तर वाळवणाच्या दोरीसारखी लोंबेल. गाणार कोण?"

"मी," आप्पा म्हणाले.

"पट्टी?"

आप्पांनी कोटाचं वरचं बटण लावलं. "काळी चार."

शेटजींनी चष्म्यावरून पाहिलं. वय पाहिलं, छाती पाहिली, आणि पितळी पाकीट, त्यातल्या त्यात बारीक, पुढं सरकवलं. मी आप्पांच्या तोंडाकडं पाहिलं नाही. येताना एसटीत ते खिडकीला डोकं टेकून बसले होते, पाकीट कोटाच्या आतल्या खिशात. शिरूर आलं तेव्हा म्हणाले, "ती काळी तार म्हाताऱ्यांची हाय. थंड." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

(आता माझा मुलगा मोबाईलवर बोट दाबतो आणि तारा संगमनेरला आमच्या दाराशी येतात. गाणार कोण, कुठल्या पट्टीत, असं कुणी विचारत नाही. सोयीचं आहे. माझीच बोटं आता सकाळी मिटत नाहीत, दुकानांचे जिने चढवत नाहीत, त्यामुळे मी तक्रार करत नाही.)

तारा चढवल्या, काळी चारला ओढल्या. पिळता पिळता माझ्या बोटांना फोड आले, म्हैस करकरली, पण लागली. दुपारी तालमीला सगळे जमले. मी छेडली आणि घर दणाणलं. पितळी तारा त्या, त्यातून इतक्या ताणलेल्या! पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज. मधुकाकांनी थाप टाकली. आप्पांनी डोळे मिटले, पहिली ओळ उचलली, आणि वरच्या सा वर जाऊन त्यांचा आवाज फाटला. तुटला असता तर बरं. फाटला, आणि फाटका तसाच लोंबत राहिला. मधुकाकांचा हात ढोलकीवरच थांबला. झीलवाले आढ्याकडं बघायला लागले.

आप्पा खोकले. मग म्हणाले, "तार किरकिरती. ती गात्याला वढती वर."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात तारांचा खटला सुरू झाला. सगळा दोष तारेचा. आईनं तारा उतरवायला लावून चहाच्या पातेल्यात सोडा घालून उकळल्या. चहाला पुढं आठवडाभर साबणाची चव. मधुकाकांनी मेण चोळलं. मी खोबरेल तेल लावलं. आवाज जरा बसला, पण आप्पांचा गळा काही वर चढेना. एक दिवस गादीवाला पिंजारी आळीत आला. त्याच्या धनुकलीला ताणलेली तात मधुकाकांनी छेडून बघितली आणि पळत घरी आले. "दादा, तात लावू! बकऱ्याच्या आतड्याची. काय मऊ बोलती, बाबा!"

आप्पांनी पेटीचा भाता बंद केला. "आतडं? आपल्या आज्यानं मेलेली ढोरं वढायची सोडली, गावकी सोडली, उपाशी ऱ्हायला पर सोडली. आन् मी आतडं घरात टांगू व्हय?"

"आन् ढोलकी? ती काय पत्र्याची हाय?"

"ती तुझ्या घरी ऱ्हाती."

 आई आत तोंडाला पदर लावून हसत होती, मीही हसले. पण आप्पा हसले नाहीत. त्या घरात त्या शब्दावर हसणं त्यांना जमलं नसतं. पणजोबांनी जे अंगावरून काढून टाकलं, ते आप्पा तारेच्या रूपानंसुद्धा आत येऊ देणार नव्हते. मधुकाकांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी कान पकडला आणि उठून गेले.

आणि मग खंडूबाबा वारले. खंडूबाबा आप्पांचे जुने सोबती. दोघं एकाच वर्षी कारखान्यात लागले होते, आणि पार्टीचे पहिले झीलवाले तेच. त्यांच्या पुण्यानुमोदनाला गाणं आप्पांचंच असणार, हे न सांगता ठरलेलं. आप्पा रोज सकाळी घोट घोट गरम पाणी पीत होते आणि काळी चार दाबून बसत होते. एके सकाळी आई भाकरी थापता थापता थांबली. मला म्हणाली, "नंदे, तार बदलून गळा बदलतो व्हय गं? खंडूभावजींच्या म्होरं ह्यांचं हसं व्हईल. त्या दिवशी न्हाई गायले तर पुन्हा ह्ये पेटीला हात लावायचे न्हाईत. मी वळखते ह्यांना." मग पिठाचा हात पुसून म्हणाली, "तू मामाकडं जाऊन ये. त्या जाड तारा आन."

मी एकटी पुण्याला गेले. तोवर एकटी श्रीरामपूरच्या पलीकडं गेले नव्हते. एसटीत बाईशेजारची जागा मिळेपर्यंत उभी राहिले, शिवाजीनगरला मामा घ्यायला आला. दुकानात तेच शेटजी. त्यांनी मला ओळखलं. काळं पाकीट काढलं आणि तरी विचारलं, "पट्टी?"

 मामा शेजारी उभा. आप्पा तिकडं भुशाच्या यार्डात, ऐकणार थोडेच होते? पण मला वाटलं, मी बोलले की ते खरं होणार. तोवर घरात कुणीच बोललं नव्हतं, म्हणून ते अर्धवट होतं. मी काचेवर बोट टेकवलं आणि म्हटलं, "पांढरी एक."

"बरोबर," शेटजी म्हणाले. त्यांनी नुसतं तारेबद्दल म्हटलं असेल. पण मामानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि भर दुकानात मला रडू फुटलं. बापाच्या आवाजाचं मी बोलले होते, परक्या माणसासमोर. पुढं सासरी, दवाखान्यात, कोर्टाच्या पायरीवर मला पुष्कळ अवघड बोलावं लागलं. इतकं जड काही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरी येऊन मी दुपारीच तारा चढवल्या. आप्पा कामावरून आले, आईनं त्यांना झटकलं, ते आत आले आणि म्हशीच्या मानेवरच्या काळ्या तारा त्यांनी पाहिल्या. मी चुलीपाशी जीव मुठीत धरून बसले होते. ते वाकले, एक तार अंगठ्यानं छेडली. सूर घरात फिरला आणि विरला. आप्पांनी पेटी उघडलीही नाही. जेवले, पाठ करून निजले. पुढचे दिवस माझ्याशी लागेल तेवढंच बोलले. "पानी दे." "कंदील कुठाय?" शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं.

खंडूबाबांच्या घरापुढं मांडव घातला होता. दुपार उतरत आलेली. बुद्धवंदना झाली, खिरीचा वास येत होता, बाया एका अंगाला, बापे एका अंगाला, आणि लांब रस्त्यापर्यंत माणसं. भोंगा लावला होता, पण लाइट गेली. कुणी तरी ओरडलं, "काळी चारला लाइट कशाला पायजे?" माणसं त्या दिवशीही हसली. आप्पांनीही मान हलवली. मी म्हैस मांडीवर घेऊन बसले. तारा पांढरी एकला लावलेल्या. मधुकाकांनी हळूच विचारलं, "दादा, कशात?"

आप्पांनी पेटी पुढं ओढली. त्यांनी काळी चारवर बोट ठेवलं.

मी हात तारांवरून उचलून घेतला. मला त्यात छेडता येणार नव्हतं, आणि थांब म्हणताही येणार नव्हतं. आप्पांनी ओळ उचलली. गाणं त्यांचंच, आईबापांनी स्वतः निरक्षर राहून पोराला शाळेत घातलं त्याचं. ओळ वर गेली, आणि तिथंच, त्याच जागी, फाटली. मांडवात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं असं मला वाटलं. सगळे एकदम आपापल्या पायांकडं बघायला लागले. मागचं एक पोर विचारत होतं, काय झालं? त्याला गप्प केलं.

आप्पांनी बोट उचललं. पेटीकडं बघत राहिले. मला वाटलं आता भाता लावून घेतील, उठतील, आणि संपलं. आईचं बोलणं माझ्या कानात होतं. मग त्यांनी मान वर केली.

"मंडळी," ते म्हणाले, अगदी घरातल्या आवाजात. "माझा गळा आता वर चढत न्हाई. लई दिस झालं. मीच सांगत नव्हतो. आता मी खाली गानार. आवाज लांब जायचा न्हाई. ज्येला आयकायचं हाय त्येनं म्होरं या."

आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "नंदे, दे."

मी दिला. पांढरी एकचा सा.  मग खंडूबाबांची म्हातारी, सरूबाई, गुडघ्यावर हात टेकून उठली. तिनं आपल्या बुडाखालचं पोतं उचललं, बायांतून बाहेर आली, आणि सरळ आप्पांच्या पेटीपुढं, हातभर अंतरावर, ते टाकून बसली. तिच्या मागनं दुसरी उठली. मग बापे उठले. रस्त्यावरची माणसं आत आली, सतरंज्या ओढल्या, पोरं मांडीवर घेतली. एकमेकांचे गुडघे लागतील असं सगळं गाव आमच्या भोवती दाटून बसलं. मधुकाकांनी बोटांच्या टोकांनी ठेका धरला. आप्पा गायला लागले, आणि घरी जवळ कुणी नसताना जो आवाज निघायचा, भरलेला, गोल, तो माझ्या तारांवर येऊन बसला. मला रडू आवरत नव्हतं, पण हात दोन्ही गुंतलेले, पुसणार कशानं!

गाणं संपलं. टाळी कुणी वाजवली नाही, तो प्रसंगही नव्हता. सरूबाई आप्पांकडं बघत होती. म्हणाली, "भाऊ, इतकी वर्सं ह्ये गानं आयकते. आज समदे शबूद कळले."

आप्पांनी गमछ्यानं तोंड पुसलं.

"व्हय वहिनी," ते म्हणाले. "मलाबी."